पाच वॅट आणि दोन खांब

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या खात्यातून ३,४८५ रुपये 'गच्चीवरील खांबाची पूजा' या सदरात खर्ची पडले. त्यात नारळ, झेंडूचे हार, पेढे, भटजींची दक्षिणा आणि फोटोग्राफर आला. खांब रत्नदीप ओव्हाळचा होता. रत्नदीप त्या दिवशी नागपूरला होता.

आमची 'घाटमाथा वैभव' ही इमारत खोपोलीत शिळफाट्याजवळ, घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. नाव ठेवताना बिल्डर वर बघत असावा. मी इथला खजिनदार. पहिल्या सभेत लोकांना माझ्या हातात नीट टाचलेल्या पावत्या दिसल्या आणि विषय तिथेच संपला. रत्नदीप माझ्या खालच्या मजल्यावर, दुसऱ्यावर, आई गंगाबाई आणि बायको मेघा यांच्यासह राहतो. एका पाइपच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर आहे. ही त्याची नोकरी. त्याचं आयुष्य म्हणजे रेडिओ.

मूळचा तो कुंभिवलीचा. वडील बुधाजी हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचे. इतर मुलं ट्रक मोजत असताना रत्नदीप जुन्या ट्रान्झिस्टरला बॅटरी लावून बसायचा. पुढे त्याने सरकारी परीक्षा दिली आणि हौशी रेडिओचा परवाना काढला. हा परवाना असलेला माणूस मोबाइल कंपनीला एक पैसा न देता, स्वतःच्या यंत्रावरून, स्वतःच्या तारेतून, दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलू शकतो. रत्नदीप तर तोंडाने बोलतही नाही, एक छोटी पट्टी बोटाने दाबून जुन्या तार ऑफिसातल्यासारखं कट्ट-कडकट्ट करतो. मी एकदा त्याला विचारलं, "काय बोललास एवढा वेळ?" तो म्हणाला, "त्याला सांगितलं, तुझं स्पष्ट ऐकू येतंय. त्याने सांगितलं, तुझंही येतंय." मग? "मग निरोप घेतला." आमच्या वार्षिक सभेत दोन तासांत एवढंसुद्धा होत नाही.

या हौशी लोकांतही पंथ आहेत. काहींकडे शेकडो वॅटची यंत्रं असतात. रत्नदीप पाच वॅटवाला. यंत्र त्याने स्वतः जोडलेलं, डब्याच्या आकाराचं. कमी ताकदीत जितकं लांब पोचावं तितकी इभ्रत वाढते, असा त्यांचा हिशेब आहे. आमचे अध्यक्ष आबाजी बैलमारे यांना हे कधी पटलं नाही. महामार्गालगतची भातशेती विकून आबांनी या इमारतीत तीन फ्लॅट घेतलेत. ते रत्नदीपला जिन्यात गाठून म्हणायचे, "पाच वॅट? अरं, माझ्या संडासातला बल्ब नऊ वॅटचा हाय. त्यो काय शिरीलंकेला बोलतो का?"

"बल्बला तार लावली तर बघू, आबा," रत्नदीप म्हणायचा.

तार हाच वादाचा विषय होता. गच्चीवर त्याने एक लोखंडी पाइप उभा केला होता आणि त्याच्या टोकापासून दोन बाजूंना दोन तारा खाली ताणल्या होत्या, तंबूच्या दोऱ्यांसारख्या. टोकावरून एक काळी केबल पाइपच्या बुडाशी यायची. तिथे एका पितळी जोडाने दुसरी केबल लागायची आणि ती भिंतीवरून रत्नदीपच्या खिडकीत जायची. यंत्र आणि तार यांच्याबद्दल रत्नदीप तासभर बोलायचा. मधल्या केबलबद्दल कधी बोलला नाही. तिचं काम इकडचं तिकडे पोचवण्याचं. अशांबद्दल कोणी बोलत नाही.

या खांबामुळे आबांचा गुडघा दुखायचा. टीव्हीवर मुंग्या यायच्या. कबुतरांचा मुक्काम गच्चीवरून हलला, तोही खांबामुळेच. तो तसा कोणालाच नको होता, पण तक्रारीत घातला गेला. खांबाविरुद्धचे अर्ज वाचले तर तो पाइप आहे की रोगाची साथ, हे कळू नये. एका अर्जात 'कोणत्या प्रकारचे लोक कोणत्या प्रकारच्या लहरी सोडतात याची चौकशी व्हावी' असं वाक्य होतं. रत्नदीपने ते वाचलं, अर्जाची घडी घातली आणि मला परत दिला. खालापूरला भाड्याने राहत असताना दोन घरमालकांनी त्याला आधी तार आणि मग घर सोडायला लावलं होतं. म्हणून त्याने कर्ज काढून हा फ्लॅट घेतला. मेघा सांगते, "आधी गच्ची बघितली ह्यांनी, मग गच्चीची चावी कोणाकडे असते ते विचारलं. ओट्याला नळ नाय, हे आमाला सामान लावताना कळलं."

सप्टेंबरच्या सभेत आबांनी खांब काढण्याचा ठराव आणला. तो पास होणार हे नक्की होतं. पण त्याच आठवड्यात 'सह्यपायथा आपत्ती मंच' या संस्थेच्या श्रद्धाताईंचं पत्र आलं. कर्जतच्या बाजूला डोंगरावरच्या वाड्यांवर पावसात फोन बंद पडतात. अशा वेळी निरोप पोचवायला रेडिओवाल्यांची साखळी करायची आहे आणि खोपोलीतलं केंद्र म्हणून आपल्या इमारतीची निवड झाली आहे. रविवार, १० नोव्हेंबरला रंगीत तालीम. वर्तमानपत्रवाले येतील.

वर्तमानपत्र म्हटल्यावर ठरावाची भाषा मऊ झाली. खांब तूर्त ठेवावा. तालीम यशस्वी झाल्यास कायम राहील. न झाल्यास रत्नदीप ओव्हाळ यांनी तो पंधरा दिवसांत स्वखर्चाने काढून घ्यावा आणि पुन्हा उभारू नये. रत्नदीपने लगेच सही केली. डोंगरावरच्या टोकाला त्याचा मित्र हर्षद असणार होता. हर्षद कर्जतला शाळेत शिक्षक आहे आणि तोही पाच वॅटवाला. तीन वर्षं दोघे रोज सकाळी एकमेकांना ऐकू येत असल्याचं सांगत होते. एका रविवारी आणखी एकदा सांगायला काय जातं?

ज्या खांबाने आबांचा गुडघा दुखत होता, त्याच्याबद्दल त्यांना आता ममता वाटू लागली. दसऱ्याला गाड्यांची, यंत्रांची पूजा होते. पाण्याच्या मोटारीची आम्ही दर वर्षी करतोच. आबांनी ठरवलं की या वर्षी खांबाचीही करायची. रत्नदीप आईला घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर गेला होता. ज्याचा खांब त्याला विचारावं, हे कोणाच्या मनात आलं नाही. चांगल्या कामाला कसली परवानगी?

गच्चीवर पाहिलं तर खांबाच्या बुडाशी, त्या पितळी जोडावर, रत्नदीपने काळ्या चिकटपट्टीचं जाड बँडेज बांधलं होतं आणि वर थंड पेयाची कापलेली बाटली उलटी घातली होती. आबा म्हणाले, "ही बाटली फोटोत नको. लोकं म्हणतील सोसायटी गच्चीवर पिती." बाटली निघाली. बँडेज मळकं दिसत होतं, तेही सोलून काढलं. आतून जोड निघाला चकचकीत. खांबात तेवढीच एक गोष्ट देवासारखी दिसत होती, म्हणून हळदकुंकू त्याला लागलं, अभिषेकही त्यालाच झाला आणि फोडलेल्या नारळाचं पाणी भटजींनी त्याच्यावरच सोडलं. मग झेंडूचा जाड हार गुंडाळला. आबांनी बाटली आठवणीने हारावर पुन्हा उलटी घातली. पट्टी कचऱ्यात गेली. ती पट्टी काय करत होती, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पेढे चांगले होते.

नागपूरहून परतल्यावर गंगाबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या. "अरं रत्ना! आमी तिकडं बावीस प्रतिज्ञा म्हणून आलाव, नि इकडं तुझ्या खांबाला हळद लावली! लगीन काढलाव का ह्याचं?"

रत्नदीप वर आला. त्याने हार बघितला, कुंकू बघितलं, आणि आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "राहू दे आई. तालीम होईपर्यंत हाराला हात लावायचा नाही. काढला तर पुन्हा ठराव आणतील."

"मंग वाळलेला हार घालून बसू दे का त्याला?"

"बसू दे. बाटली आहे ना वर."

आणि हार राहिला.

त्या आठवड्यात दुपारनंतर परतीच्या पावसाच्या सरी येत होत्या. रत्नदीपच्या लक्षात आलं की यंत्रातला गोंगाट कमी झालाय. एरवी कानाला लावलं की आत सतत खरखर असायची, विजेच्या तारांची, मोटारींची, लांबच्या वादळांची. आता शांत. आबांनी जिन्यातली एक खराब ट्यूब नुकतीच बदलली होती. रत्नदीपला वाटलं त्या ट्यूबचाच उपद्रव असावा. त्याने आबांचे आभारही मानले. आबा म्हणाले, "ट्यूब कसली? पूजा केली ना."

दुसरी गोष्ट मीटरची. यंत्र आणि केबल यांच्यामध्ये रत्नदीपचा एक काट्याचा मीटर असतो. आपण तारेकडे जेवढी शक्ती पाठवतो, त्यातली किती न जाता परत येते, ते हा मीटर दाखवतो. परत कमी आलं तर आकडा चांगला. सगळ्यात चांगला आकडा 'एकास एक', म्हणजे परत काहीच आलं नाही. रत्नदीपचा आकडा तीन वर्षं एकास दीड होता. खूप खटपट करूनही त्याच्या खाली येत नव्हता. दसऱ्यानंतर तो आपोआप उतरत एकास एकवर आला.

"पूजेचा गुण," आबा जिन्यातून म्हणाले.

रत्नदीपला हे झोंबलं. कारणाशिवाय काही घडत नाही, असं मानणारा माणूस. आणि त्याचाच मीटर दसऱ्यापासून सुधारला होता. गंगाबाई म्हणाल्या, "तुझा मीटरबी त्यांच्यातलाच निघाला रं."

घोटाळा दिवाळीत सुरू झाला. रोज सकाळी हर्षद म्हणायचा, आज जरा कमी येतोस. मग म्हणाला, शब्द तुटतायत. मग काहीच म्हणाला नाही, कारण त्याला ऐकूच आलं नाही. तालमीला आठवडा उरला असताना दोघे फोनवर भांडत होते. मी पाणीपट्टीच्या कामाने रत्नदीपकडे बसलेला होतो आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकल्या.

"कान तपासून घे तुझे," रत्नदीप.

"माझे कान ठीक आहेत. केरळवाला ऐकू येतो, खोपोलीवाला येत नाही. तुझं यंत्र गेलंय."

"माझा मीटर एकास एक दाखवतोय!"

"मग मीटरलाच पाठव डोंगरावर."

रत्नदीपने यंत्र उघडलं. बॅटरी बदलली. ताकद देणारा एक सुटा भाग असतो, तो उपटून नवा बसवला, आणि त्या गडबडीत शेजारचा एक चांगला भाग जाळला. तो मुंबईहून मागवला. यंत्राच्या तोंडाशी शक्ती मोजली तर पूर्ण पाच वॅट. म्हणजे यंत्र चोख. मीटर म्हणतो काही परत येत नाही, म्हणजे तारही चोख. तरी कर्जतला काही पोचत नाही. रत्नदीपचं जेवणावरचं लक्ष उडालं. बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. आबांनी औदार्य दाखवलं. "शंभर वॅटचं घे की रं एखादं. सोसायटी बघंल." मग जरा थांबून, "नायतर पाइप काढायला माझ्याकडं माणूस हाय. सांगून ठेवू का?"

रत्नदीप घरात येऊन बसला. मेघाने चहा दिला तर म्हणाला, "तिसऱ्यांदा काढायला लागणार बहुतेक."

तालमीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी गच्चीवर गेलो. बॅनर लावला होता आणि त्याचं बिल द्यायच्या आधी आकार मोजायचा होता. 'आपत्ती संपर्क केंद्र, घाटमाथा वैभव'. खाली दुप्पट अक्षरांत 'प्रेरणास्थान : मा. आबाजी बैलमारे'. फोटोत आबांनी कानाला हेडफोन लावला होता. ऑर्डरपेक्षा बॅनर अर्धा फूट कमी भरला. मी बिलावर तशी नोंद केली आणि खाली येताना रत्नदीपकडे डोकावलो.

तो पट्टी दाबून मीटरकडे बघत होता. "या दादा. बघा तर! आज काटा जागचा हलला पण नाही. एकास एक. इतकं चांगलं कधीच नव्हतं."

"पण तार खाली आहे," मी म्हणालो.

"कुठली तार?"

"तुझी. टाकीवर वेटोळं करून ठेवलीय. बॅनरवाल्याने सोडवली असेल. खांबाला बॅनर बांधलाय."

त्याने पट्टीवरचं बोट उचललं. "दोन्ही तारा?"

"दोन्ही."

"म्हणजे खांबावर काहीच नाही?"

"बॅनर आहे. आबांचा फोटो आहे."

त्याने पट्टी पुन्हा दाबली. काटा पुन्हा शांत. एकास एक. तो मीटरकडे असा बघत राहिला, जसा आम्ही अकाउंट्सवाले न मागता जुळलेल्या ताळेबंदाकडे बघतो.

"दादा, वर तारच नाही, तर गेलेलं सगळं परत यायला पाहिजे. काटा पार शेवटाला आपटायला पाहिजे."

"परत काही येत नाही, हे चांगलं म्हणालास ना तू?"

"तारेतून बाहेर जात असेल तर चांगलं. इथे तारच नाही." तो उठला. "मधेच कोणीतरी गिळतंय. जातानाचं गिळतंय, येतानाचं गिळतंय. म्हणून आवाज शांत झाला, म्हणून काटा शांत झाला. वाटेतच संपतंय सगळं, परत काय येणार?"

मला हे लगेच समजलं, आणि त्यात रेडिओचं ज्ञान लागलं नाही. आमच्या जिन्यात एक तक्रारपेटी आहे. दोन वर्षांत एकही तक्रार नाही, असं आबा प्रत्येक सभेत अभिमानाने सांगतात. पेटीची किल्ली हरवून दोन वर्षं झाली आहेत.

आम्ही वर गेलो. रत्नदीपने बाटली उचलली, वाळलेला हार सोडवला, आणि जोड उघडा दिसताच ओरडला. चिकटपट्टी नव्हती. जोडावर हिरवा गंज, गंजात कुंकू, कुंकवात मुंग्या आणि खोबऱ्याची एक वाळकी कपची. त्याने जोड सोडवला आणि खाली जाणारी केबल वीतभर कापली. आत तांब्याची जाळी असते, ती लाल चमकायला हवी. ती काळी पडली होती. आणखी हातभर कापली. काळी. जाळी पाणी असं ओढून घेते जशी वात तेल ओढते. आधी नारळाचं, मग पावसाचं, सगळं ओढत ओढत ते भिंतीवरून पार त्याच्या खिडकीपर्यंत उतरलं होतं.

आवाज ऐकून गंगाबाई वर आल्या. त्यांच्या मागोमाग आबा.

"काय रं, कापतोस काय? उद्याच्याला पावणी यायची हायत!"

"आबा, केबलमध्ये पाणी गेलंय."

"पावसाचं असंल. त्याला आपन काय करणार?"

गंगाबाईंनी कापलेला तुकडा उचलून नाकाशी नेला. "पावसाला खोबऱ्याचा वास येतो व्हय, आबा?"

आबांनी बॅनरची एक सुरकुती सरळ केली. "नारळाचं पाणी शुभ असतंय, गंगाबाई."

"असंल. मंग तुमच्या गुडघ्यावर वताचं होतं. माझ्या पोराच्या वायरीला कशापाय पाजलाव?"

"आमी चांगल्यासाठीच केलं."

"ते दिसतंयच की. मुंग्यांचं चांगलं झालंय."

रत्नदीपच्या हातात केबल कापायचा चाकू होता आणि चेहरा असा होता, की आबांनी दोन पावलं मागे घेतली. पण रत्नदीप गेली तीन वर्षं याच माणसाच्या सभांमध्ये बसलेला होता. तो म्हणाला, "आबा, ही केबल मेली. उद्या हिच्यावर तालीम होणार नाही. तालीम झाली नाही तर श्रद्धाताई कारण विचारतील. मला सांगायला लागेल."

"काय सांगशील?"

"जे दिसतंय ते. पेपरवाले पण असतील."

आबांना गणित समजलं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे त्या बाईंच्या म्होरं काढायचं नाय. तू केबल आन. आत्ताच्या आत्ता आन. सोसायटी पैसे देईल." मग माझ्याकडे वळून, "खजिनदार, देऊन टाका."

मी मान डोलावली. लेखी मंजुरीनंतर, हे मी मनात म्हणालो.

रेडिओची केबल खोपोलीत मिळत नाही. पण शिळफाट्याला साईनाथ आहे. एके काळी अर्ध्या खोपोलीत टीव्हीची केबल त्याने फिरवली. आता त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात आणि केबलच्या भेंडोळ्यावर मांजर झोपतं. साईनाथने मांजर उचललं. "घेऊन जा. हल्ली सगळे हातातच बघतात. उद्या तुमच्याकडं पिक्चर दिसणार का?"

"आवाज निघाला तरी खूप झालं," रत्नदीप म्हणाला. वाटेत त्याने मला सांगितलं की टीव्हीची केबल या कामाला थोडी वेगळी पडते, पण पाच वॅटचं ओझं ते किती? कोरडी असली म्हणजे झालं.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून, म्हणजे त्याने काम करून आणि मी शिडी धरून, नवी केबल टाकली. दोन्ही तारा पुन्हा ताणल्या. जोडावर पट्टीचं नवं बँडेज बांधलं, वर बाटली. बॅनर कठड्याला हलवला. खाली येऊन त्याने यंत्र लावलं आणि खोलीत एकदम खरखर भरली. मेघा आतून म्हणाली, "अगं बाई, सुरू झालं परत!" त्याने पट्टी दाबली. काटा वर सरकला आणि थांबला.

"दीड!" तो ओरडला. "दादा, एकास दीड!"

आकडा बिघडला म्हणून इतका आनंदलेला माणूस मी अडतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी अकराला गच्चीवर मांडव, खुर्च्या, श्रद्धाताई, दोन पत्रकार आणि सगळी सोसायटी. यंत्र एका टेबलावर, टेबलावर सतरंजी, सतरंजीवर हार. हार या वेळी रत्नदीपने स्वतः उचलून लांब ठेवला. श्रद्धाताईंनी डोंगरावर हर्षदला एक बंद पाकीट दिलं होतं. त्यातला निरोप इथे पोचायला हवा, इथून त्यावर प्रश्न जायला हवा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर यायला हवं. निरोप एकवेळ येईलही. हर्षदची केबल कोरडी होती. इथला प्रश्न तिथे पोचतो का, यावर खांब उभा राहणार होता.

कट्ट-कडकट्ट सुरू झालं. कोणाला काही कळत नव्हतं. आबांनी पहिल्या शांततेला टाळ्या वाजवल्या. रत्नदीपने हात वर करून थांबवलं. तो लिहून घेत होता. मग त्याने मोठ्याने वाचलं, "झाड पडून रस्ता बंद. दोन जखमी. एक म्हातारी हलत नाही. तांदूळ पाठवा."

गर्दीत कोणीतरी चुकचुकलं. रत्नदीप पट्टीवर वाकला. म्हातारी हलत नाही म्हणजे काय, बेशुद्ध आहे का, असा प्रश्न त्याने पाठवला. पाठवून झाल्यावर नुसती खरखर. त्याने पुन्हा पाठवला. गंगाबाई पहिल्या रांगेत पदराची घडी घालत होत्या, मोडत होत्या. आबा बॅनरच्या आडोशाला सरकले. खरखरीतून बारीक टिकटिक उठली आणि रत्नदीपची पेन्सिल चालू लागली. संपल्यावर त्याने कागद वर धरला, पण बोलायच्या आधी त्याला हसू फुटलं.

"हर्षद म्हणतो, शुद्धीत आहे. भांडतेय. शेळी घेतल्याशिवाय घर सोडणार नाही म्हणते."

श्रद्धाताईंनी पाकिटातल्या निरोपाची प्रत उघडली. निरोप अक्षर न् अक्षर तोच होता. शेळी प्रतीत नव्हती. तालमीसाठी उभी केलेली म्हातारी खरोखरच भांडायला लागली होती, असं नंतर कळलं.

मग आबांचं भाषण झालं. दसऱ्याला विधिवत पूजा झाल्यामुळेच आजचं यश मिळालं, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. वर्तमानपत्रात तेच छापून आलं. रत्नदीप ऐकत उभा होता. त्याचा खांब राहणार होता, त्यामुळे इतर वाक्यांशी त्याचं भांडण नव्हतं. भांडण पुढच्या सभेत निघालं. त्या सभेने खांब कायम ठेवण्याचा ठराव एकमताने केला आणि त्याच ठरावाच्या दुसऱ्या ओळीत 'दर वर्षी दसऱ्यास खांबाची साभिषेक पूजा सोसायटीच्या खर्चाने करावी' असं घातलं. रत्नदीपचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर धर्माचा वाद निघणार. हो म्हणावं तर दर दिवाळीत नवी केबल.

गंगाबाई सभेला दाराशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आबा, एक सांगू का? तुमच्या पूजेला हा गंजका पाइप शोभत नाय."

आबांनी कान दिला.

"चांगला स्टीलचा उभा करा की पुढल्या अंगाला. रस्त्यावरनं दिसंल असा. त्याला घाला काय अंघोळ घालायची ती. ह्यो राहू दे टाकीमागं, कपड्याची दोरी बांधायला."

आबांनी डोळे मिटले. त्यांना तो खांब दिसत असावा. "वर घुमट बसवू का?" त्यांनी विचारलं.

"बसवा की. वर दिवाबी लावा. नऊ वॅटचा."

आता गच्चीवर दोन खांब आहेत. पुढचा स्टीलचा, लखलखीत, त्याला एकही तार जोडलेली नाही. संपर्क केंद्राची पाटी त्याच्यावर आहे. २०२५च्या दसऱ्याला त्याचा अभिषेक झाला, फोटो निघाले, आणि पाहुण्यांना आबा तोच दाखवतात. कोणी विचारलं, "कुठपर्यंत पोचतं हो हे?" की सांगतात, "लई लांब. आजपातुर एक तक्रार नाय." टाकीमागे जुना पाइप आहे. त्याच्या बुडाशी उलटी बाटली आहे. गेल्या पावसाळ्यात वाड्यांवरचे फोन दोन वेळा बंद पडले, तेव्हा निरोप त्या पाइपाने घेतले. रत्नदीप आता आकडा एकास दीडच्या खाली गेला की चिंतेत पडतो आणि आधी गच्चीवर जाऊन बाटली उचलून बघतो.

साईनाथच्या केबलचे पैसे रत्नदीपने त्या शनिवारी स्वतः भरले आणि पावती मला दिली. ती 'पूजा' या सदरात बसत नाही. 'दुरुस्ती' या सदरात घ्यायची तर काय आणि कशाने बिघडलं, ते लिहावं लागतं. समिती तसं लिहायला तयार नाही. सोसायटीकडून रत्नदीप ओव्हाळ यांना ६२० रुपये येणे आहेत.